नव्या काळाचे वीरगळ

महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या गांवीं आपण गेलों, तर शिवालयाच्या ओवरीशीं, वेशीजवळ किंवा पाराच्या कडेला कोरींव चौकटींची एखादी उभी शिळा पुष्कळदां दृष्टीस पडते. तिच्या सर्वांत खालच्या चौकटींत एक पुरुष निश्चेष्ट पडलेला असतो. कित्येकदां त्याच्या जवळच गाईहि कोरलेल्या असतात. त्यावरच्या चौकटींत तोच पुरुष ढाल-तलवार घेऊन शत्रूशीं झुंजत असतो. त्याच्याहि वर अप्सरा त्याला हातीं धरून स्वर्गास नेत असतात, आणि शेवटच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला दिसतो. अगदीं माथ्यावर चंद्र आणि सूर्य असतात. ते आहेत तोंवर या पुरुषाची कीर्ति राहील, असें शिल्पकाराला सांगावयाचें असतें. याच शिळेला आपण वीरगळ म्हणतों.

यांतील कितीतरी शिळा राजेरजवाड्यांच्या नाहींत. गांवचीं गुरें वळवून नेणाऱ्या टोळीला आडवा गेलेला, वेशीवर परचक्र आलें असतां मागें न हटलेला, असा कोणी गांवचाच माणूस असे. तो पडल्यावर गांवानें त्याची शिळा उभी केली. ती कोठें उभी केली, हें लक्ष्यांत घेण्याजोगें आहे. ती त्याच्या घराच्या परसांत नाहीं, कीं पाटलाच्या वाड्यांतहि नाहीं. ज्या वाटेनें गुरें रानांत जातात, बायका पाण्याला जातात आणि मुलें खेळावयास जातात, त्या वाटेवर ती आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, त्या शिळेवर वीराची स्तुति नसून घडलेली हकीकत असते. ज्याला अक्षरओळख नाहीं त्यालाहि ती खालून वर वाचतां येते.

वीरगळांत एक उणीव मात्र पुष्कळदां आढळते. बहुतेकांवर नांव कोरलेलें नसतें. जोंपर्यंत गांवांतील म्हातारी माणसें ती गोष्ट सांगत होतीं, तोंपर्यंत नांवाची जरुरीच नव्हती. सांगणारे गेले आणि शिळा मुकी झाली. मग कोणी तिला शेंदूर फांसून देव केलें, तर कोणी तिच्यावर धुणें धुतलें. गांवासाठीं ज्यानें प्राण दिला तो कोण होता, हें त्याच गांवाला सांगतां येत नाहीं.

आज आपण मोठ्या संख्येनें शहरांत राहतों. गुरें वळविणारी टोळी गेली, वेस गेली आणि रात्रीं हाळी देत फिरणारा जागल्याहि गेला. त्याचें काम मात्र गेलेलें नाहीं. तें पोलिसाकडे आलें. आपण दारें लावून निजतों, तेव्हां रस्त्यावर कोणी तरी जागा असतो. त्याचें नांव आपणांस ठाऊक नसतें आणि बहुधा तें जाणण्याची इच्छाहि नसते. असा माणूस आपलें काम करतांना पडला, तर त्याची शिळा उभारावी काय, उभारल्यास ती कोठें असावी, आणि तिच्यावर काय कोरावें? मुंबईच्या गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचें जें स्मारक आहे, त्याच्या निमित्तानें या प्रश्नांचा विचार करण्याचें योजिलें आहे.

नाकाबंदीची रात्र

इ. स. २००८ च्या नोव्हेंबर महिन्याची २६ तारीख. समुद्रमार्गानें आलेल्या दहा सशस्त्र पाकिस्तानी दहशतवाद्यांनीं त्या रात्रीं मुंबईवर हल्ला चढविला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघांनीं बायका, मुलें, हमाल, प्रवासी असा कांहींहि भेद न करतां गोळ्या झाडल्या. तेथून ते कामा रुग्णालयाकडे वळले. रुग्णालयानजीकच्या रंगभवनच्या गल्लींत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघे नामांकित अधिकारी व त्यांच्या गाडींतील इतर बहुतेक पोलीस त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. पोलिसांचीच गाडी घेऊन ते दोघे निघाले, ती नादुरुस्त होतांच त्यांनीं रस्त्यांतील एक स्कोडा मोटार हिसकावली, आणि मरीन ड्राइव्हनें ते उत्तरेकडे भरधाव सुटले.

गिरगांव चौपाटीपाशीं डॉ. दा. भ. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनीं नाकाबंदी केली होती. त्यांत सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम गोपाळ ओंबळे हे होते. सातारा जिल्ह्याच्या जावळी तालुक्यांतील केडंबे हें त्यांचें गांव. डोंगराळ भागांतील हें लहानसें खेडें. तेथून कितीतरी तरुण सैन्यांत आणि मुंबईच्या नोकरींत जात आले आहेत. ओंबळे हे आधीं सैन्यांत होते. तेथून मोकळे झाल्यावर ते मुंबईच्या पोलीस दलांत आले. वयानें पन्नाशी ओलांडलेली होती. त्यांचा हुद्दा शिपाई-हवालदारांच्या वरचा, पण मोठ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तींत न बसणारा. त्या रात्रीं त्यांच्या हातीं होती ती केवळ लाठी.

मध्यरात्र उलटून सुमारें अर्धा तास झाला असेल. ती स्कोडा मोटार नाकाबंदीच्या अलीकडे कांहीं अंतरावर थांबली. दिव्यांचा प्रखर झोत समोर सोडून आंत कोण आहे हें दिसूं न देण्याचा प्रयत्न झाला. मग ती वळवून पळून जाण्याची खटपट झाली, पण मोटार रस्त्याच्या दुभाजकावर चढून अडकली. दोन्ही बाजूंनीं गोळीबार झाला. मोटार चालविणारा दहशतवादी अबू इस्माईल प्राणास मुकला. दुसरा, अजमल कसाब, याच्या हातांत एके-४७ रायफल होती. ओंबळे त्याच्यावर धांवून गेले आणि त्यांनीं रायफलीची नळी दोन्ही हातांनीं घट्ट धरली. कसाबनें घोडा दाबला. गोळ्या ओंबळ्यांच्या शरीरांत घुसल्या, पण हात सुटले नाहींत. नळी त्यांच्या अंगाशीं होती म्हणून ती इतरांकडे वळूं शकली नाहीं. एक सहकारी जखमी झाले खरे. तरी बाकीच्यांना त्याच्यावर तुटून पडण्यास जो वेळ पाहिजे होता तो मिळाला. लाठ्यांनीं झोडपून त्यांनीं कसाबला जिवंत धरलें. ओंबळे यांचा प्राण गेला.

जिवंत धरल्याचें मोल

या एका क्षणाचें मोल पुढील चार वर्षांत हळूहळू उमगत गेलें. त्या हल्ल्यांत १६६ माणसें मेलीं. दहा हल्लेखोरांपैकीं नऊ मारले गेले. जिवंत सांपडला तो एकटा कसाब. तोहि मेला असता, तर आलेली माणसें कोण, कोठलीं, त्यांना कोणीं शिकविलें आणि कोणीं धाडलें, या प्रश्नांचीं उत्तरें प्रेतांकडून काढावीं लागलीं असतीं, आणि नाकारणाऱ्यास नाकारणें सोपें गेलें असतें. प्रत्यक्षांत त्याचा जबाब झाला, तपास झाला, आणि इ. स. २००९ च्या फेब्रुवारींत पाकिस्तान सरकारलाहि या कटाचा कांहीं भाग आपल्या भूमीवर शिजल्याचें मान्य करावें लागलें.

याहून मोठी गोष्ट न्यायाची. कसाबवर मुंबईच्या विशेष न्यायालयांत उघड खटला चालला. त्याला वकील देण्यांत आला. साक्षीपुरावे झाले. मे २०१० मध्यें त्याला दोषी ठरवून देहांताची शिक्षा सुनावण्यांत आली. उच्च न्यायालयानें व पुढें २९ ऑगस्ट २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं पुण्याच्या येरवडा कारागृहांत तिची अंमलबजावणी झाली. ज्यानें रेल्वे स्थानकावर विचारपूस न करतां माणसें मारलीं, त्याला या देशानें विचारपूस केल्यावांचून मारलें नाहीं. ही गोष्ट आपल्या न्यायसंस्थेला भूषणावह आहे. परंतु ती शक्य झाली ती त्या रस्त्यावर कोणी तरी नळी धरून ठेवली म्हणून. पकडणें हें पोलिसाचें काम, शिक्षा देणें हें न्यायाधीशाचें. ओंबळे यांनीं आपलें काम प्राण देऊन पुरें केलें आणि पुढचें काम ज्याचें त्याच्या हवालीं केलें.

२६ जानेवारी २००९ रोजीं राष्ट्रानें त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलें. शांततेच्या काळांतील शौर्यासाठीं याहून मोठें पदक आपल्या देशांत नाहीं. इ. स. २०२१ मध्यें प्राणिशास्त्रज्ञांना ठाणें-कल्याण भागांत उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात आढळली, तिला त्यांनीं ‘आयसियस तुकारामी’ असें नांव दिलें. झडप घालून सावज धरणाऱ्या त्या इवल्या जीवाला हें नांव देणाऱ्यांची दृष्टि रसिक म्हटली पाहिजे. इ. स. २०२५ मध्यें राज्य सरकारनें केडंबे येथें त्यांचें स्मारक उभारण्यास मान्यता देऊन १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले. आणि जेथें ते पडले त्या चौपाटीवरच त्यांचा पुतळा उभा राहिला.

जागा कोणती असावी

चौपाटीची जागा ही नुसती हवा खाण्याची जागा नव्हे. इ. स. १९२० च्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांच्या देहाला याच वाळूवर अग्नि दिला गेला, आणि आज तेथें त्यांचा पुतळा आहे. अनंत चतुर्दशीला याच वाळूवर लाखों माणसें गणपतीला निरोप देतात. त्या रात्रीं गर्दीच्या कडेनें हातांत हात गुंफून पोलीस उभे असतात आणि आपण मूर्तीकडे पाहतां पाहतां त्यांच्या अंगावरून निघून जातों. अशा जागीं लोकमान्यांच्या शेजारधर्मानें एका सहायक उपनिरीक्षकाची मूर्ति उभी राहावी, यांत औचित्य आहे. लोकमान्यांनीं ज्या ‘लोकां’साठीं आयुष्य वेंचलें त्या लोकांपैकींच हा एक.

पोलिसांचीं स्मारकें आपल्याकडे पूर्वीपासून नाहींत असें नाहीं. इ. स. १९५९ च्या २१ ऑक्टोबरला लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथें चिनी सैन्यानें केलेल्या हल्ल्यांत दहा पोलीस जवान पडले. तेव्हांपासून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. मुंबईंत नायगांवच्या पोलीस मैदानावर संचलन होतें, मृतांचीं नांवें वाचलीं जातात आणि मानवंदना दिली जाते. समारंभ गंभीर असतो. परंतु तो पोलिसांनीं पोलिसांसाठीं केलेला असतो. २६ नोव्हेंबरच्या हुतात्म्यांचें स्मारक प्रथम मरीन ड्राइव्हवरील पोलीस जिमखान्यावर होतें. सागरी किनारा मार्गाच्या कामामुळें पुढें तें क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारांत नेण्यांत आलें. तेथें त्याची निगा उत्तम राहील, याविषयीं शंका नको. तरी पण आयुक्तालयाच्या आवारांत सहज फेरफटका मारावयास कोण जातो? मुलाचें बोट धरून आजोबा तेथें जात नाहींत.

घरांतील वडील माणसानें केलेल्या उपकाराची आठवण घरच्यांनीं ठेवावी, हें योग्यच आहे. पण उपकार जर साऱ्या गांवावर झाला असेल, तर आठवण गांवानें ठेवावयास हवी. पोलीस आपल्या सोबत्याला विसरणार नाहींत. विसरण्याचा धोका आहे तो आपणांकडून. म्हणून स्मारक जेथें आपण असतों तेथें पाहिजे. तें बागेंत पाहिजे, समुद्रकांठीं पाहिजे, जेथें मनुष्य निर्धास्तपणें बसतो तेथें पाहिजे. तो निर्धास्तपणाच त्या माणसानें आपल्यासाठीं राखलेला असतो.

लंडनमधील दोन उदाहरणें

बागेंतील स्मारकाचा हा विचार परदेशांतहि झालेला आहे, आणि त्यांतील दोन उदाहरणें आपल्याला उपयोगीं पडण्याजोगीं आहेत.

लंडन शहराच्या मध्यभागीं, सेंट पॉलच्या मोठ्या देवळापासून थोड्याच अंतरावर, ‘पोस्टमन्स पार्क’ नांवाची एक लहान बाग आहे. जवळच्या मोठ्या टपाल कचेरींतील लोक दुपारीं तेथें भाकरतुकडा खावयास बसत, म्हणून तिला हें नांव पडलें. जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स नांवाच्या विख्यात चित्रकारानें इ. स. १८८७ मध्यें, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झाल्याच्या वेळीं, ‘टाइम्स’ पत्राला एक पत्र लिहिलें. दुसऱ्याचा जीव वांचवितांना ज्यांनीं आपला दिला अशा सामान्य माणसांचें स्मारक या वर्षीं उभारावें, असा त्याचा आशय होता. कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. वॉट्सनें नाद सोडला नाहीं. अखेर तेरा वर्षांनीं, इ. स. १९०० मध्यें, या बागेंत एक साधी उतरत्या छपराची ओसरी उभी राहिली. तिच्या भिंतीवर चिनी मातीच्या चकचकीत फरशा बसविलेल्या आहेत, आणि प्रत्येक फरशीवर नांव, धंदा, तारीख आणि घडलेली हकीकत एवढेंच आहे. खालीं बसावयास बांक आहे. आजमितीस तेथें पन्नासाहून अधिक फरशा आहेत. कोणी मोलकरीण आहे, कोणी मजूर, कोणी डॉक्टर, कोणी शाळकरी पोर. त्यांतच पोलीस शिपाईहि आहेत.

क्रॉयडनचा रॉबर्ट राइट हा शिपाई इ. स. १८९३ मध्यें जळत्या घरांत एका बाईला सोडविण्यासाठीं शिरला. तळघरांत खनिज तेलाचा सांठा आहे हें त्याला ठाऊक होतें. स्फोट होऊन तो मेला. एडवर्ड ग्रीनॉफ हा इ. स. १९१७ च्या जानेवारींत सिल्व्हरटाउन येथें दारूगोळ्याच्या कारखान्यास आग लागली असतां लोकांना दूर हटवीत तेथेंच उभा राहिला आणि प्रचंड स्फोटांत सांपडला. आल्फ्रेड स्मिथची गोष्ट त्याच वर्षाच्या १३ जूनची. जर्मन विमानें भरदिवसा लंडनवर बॉंब टाकीत होतीं. एका कारखान्यांतील बायका व मुली घाबरून रस्त्यावर धांवत आल्या. स्मिथनें त्यांना मागें लोटून दाराआड घातलें आणि आपण दार अडवून उभा राहिला. बॉंब पडला. बायका वांचल्या, तो गेला. त्याचें वय ३७ वर्षांचें होतें.

या फरशा वाचतांना मनाला जें कांहीं होतें, तें मोठ्या पुतळ्यांसमोर क्वचित् होतें. कारण वाचणारा बांकावर बसून डबा खात असतो, आणि फरशीवरचा माणूस त्याच्यासारखाच, त्याच शहरांतला असतो. फरशी त्याला शूर म्हणत नाहीं. त्यानें काय केलें तें सांगते. शूर म्हणणें वाचणाऱ्याकडे सोंपविते.

दुसरें उदाहरण अलीकडचें. १७ एप्रिल १९८४ रोजीं लंडनच्या सेंट जेम्स चौकांत लिबियाच्या वकिलातीसमोर निदर्शनें चाललीं होतीं. बंदोबस्तास उभी असलेली इव्हॉन फ्लेचर ही २५ वर्षांची पोलीस तरुणी वकिलातीच्या खिडकींतून झाडलेल्या गोळीनें ठार झाली. चित्रपट-दिग्दर्शक मायकेल विनर यानें वर्तमानपत्राला पत्र लिहून, जेथें ती पडली तेथेंच तिचें स्मारक व्हावें असें सुचविलें. लोकांनीं पैसे पाठविले. त्यांतून एक विश्वस्त निधि स्थापन झाला. आणि दुसऱ्याच वर्षीं, १ फेब्रुवारी १९८५ ला, चौकांतील बागेच्या कडेस एका साध्या दगडाचें अनावरण झालें. पुढें याच निधीनें ठिकठिकाणीं, जेथें जो पडला तेथें त्याचा दगड, असा क्रम ठेवला. इ. स. २००५ मध्यें सेंट जेम्स पार्कच्या कडेस राष्ट्रीय पोलीस स्मारकहि याच प्रयत्नांतून झालें.

दोन्ही ठिकाणीं आरंभ कोणीं केला? सरकारनें नाहीं, पोलीस खात्यानें नाहीं. एका चित्रकारानें आणि एका दिग्दर्शकानें. दोघांचें साधन एकच, वर्तमानपत्राला लिहिलेलें पत्र. आपल्या घराघरांत आज शिकलेलीं, लिहितीं माणसें आहेत. नगरपालिकेला एक अर्ज, बागेच्या समितीला एक सूचना, एवढें करण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

नांवें आणि हकीकती

आपल्या देशांतहि राष्ट्रीय स्मारक झालें आहे. दिल्लीच्या चाणक्यपुरींत २१ ऑक्टोबर २०१८ रोजीं तें राष्ट्राला अर्पण झालें. सुमारें ३० फूट उंचीची, २३८ टन वजनाची ग्रॅनाइटची एक अखंड शिळा तेथें उभी आहे. आणि स्वातंत्र्यानंतर कर्तव्य करीत असतां पडलेल्या पोलिसांचीं नांवें भिंतीवर कोरलेलीं आहेत. स्मारक झालें त्या वेळींच तीं ३४ हजारांहून अधिक होतीं. हा आकडा वाचून मन क्षणभर थबकतें. युद्धांतील मृतांची गणना आपण करतों. शांततेलाहि इतकी किंमत पडत असेल, असें आपल्या स्वप्नींहि नसतें.

ही शिळा म्हणजे एका अर्थीं साऱ्या देशाचा वीरगळच होय. जुन्या वीरगळावर हकीकत होती, नांव नव्हतें; येथें नांवें आहेत, पण चौतीस हजार हकीकती एका भिंतीवर मावणें शक्य नाहीं. तीं नांवें त्या भिंतीवर राहूं द्यावीं, आणि प्रत्येकाची हकीकत त्याच्या गांवानें, त्याच्या पेठेनें, त्याच्या बागेनें सांभाळावी. पुढील स्मारकांसाठीं तीन गोष्टींचा आग्रह धरावा असें वाटतें. नांव व हुद्दा स्पष्ट असावा. तारीख व जागा असावी. आणि काय घडलें तें चार-पांच साध्या मराठी वाक्यांत, दहा वर्षांच्या मुलाला वाचतां येईल अशा अक्षरांत असावें. उद्घाटन कोणाच्या हस्तें झालें तें लहान अक्षरांत मागच्या बाजूस लिहिलें तरी चालेल.

कांहीं आक्षेप

कोणी म्हणेल, त्याला पगार मिळत होता. त्यानें कर्तव्य केलें, यांत पुतळा कशाला? पगार कशाचा मिळतो हें आधीं पाहूं. नाकाबंदीला उभें राहण्याचा, गाडी अडविण्याचा, पंचनामा लिहिण्याचा पगार मिळतो. सुरूं झालेल्या रायफलीची नळी अंगाशीं धरून ठेवण्याचा पगार कोठल्याहि सरकारच्या दप्तरीं लिहिलेला नाहीं. त्या वेळीं बाजूस सरणाऱ्याला कोणीं बोल लावला नसता. कर्तव्य जेथें संपतें त्याच्या पुढें एक पाऊल टाकणाऱ्याचेंच स्मारक होत असतें.

दुसरा म्हणेल, पोलिसांविषयीं लोकांच्या तक्रारी कांहीं थोड्या नाहींत. त्या खात्याचा गौरव कशासाठीं? तक्रारी असतील, आणि त्या मांडण्याचा हक्क नागरिकानें कधींहि सोडूं नये. परंतु स्मारक खात्याचें नसतें, कृतीचें असतें. उलट, ठाण्याच्या वाटेवर असें एक स्मारक असलें म्हणजे त्याच गणवेशांतील इतरांना रोज त्यासमोरून जावें लागतें. चांगल्या कृतीचें उदाहरण डोळ्यांसमोर उभें करणें हीहि एक प्रकारची तक्रारच आहे. फक्त ती मुक्यानें केलेली असते.

तिसरा आक्षेप खरा आहे. पुतळे उभे राहतात आणि मग त्यांच्यावर कावळे बसतात. वर्षांतून एकदां हार पडतो, तो वाळून गळेपर्यंत तसाच राहतो. याला उपाय सरकारजवळ नाहीं. वीरगळांचें काय झालें तें आपण वर पाहिलेंच. शिळा टिकते; गोष्ट सांगणारा टिकत नाहीं. आणि गोष्ट सांगण्याचें काम घराचें आहे.

घराचें काम

आपल्या घरांत पोलिसाचें नांव केव्हां निघतें, हें जरा आठवून पाहावें. पोर जेवत नसलें म्हणजे “थांब, पोलिसाला बोलावतें” असें आई म्हणते. रडें थांबत नसलें म्हणजे आजी तेंच म्हणते. बागुलबोवाच्या जोडीला आपण पोलिसाला बसविलें आहे. मूल मोठें होतें, बागुलबोवा खोटा हें त्याला कळतें, पण पोलिसाविषयींची ती धास्ती मनांत कोठें तरी राहून जाते. हरवलेलें मूल ज्याच्याकडे प्रथम धांवत जावयास हवें, त्यालाच पाहून तें लपतें. हें नुकसान लहान नाहीं, आणि तें आपल्या हातून, आपल्याच माजघरांत होतें.

सुट्टींत मुलांना घेऊन चौपाटीवर जाणें हा मुंबईच्या व मुंबईबाहेरच्याहि कुटुंबांचा आवडीचा कार्यक्रम असतो. भेळ खावी, वाळूचे किल्ले करावे, लोकमान्यांना नमस्कार करावा. तसेंच ओंबळ्यांच्या पुतळ्यापाशींहि पांच मिनिटें थांबावें. फुलें नसलीं तरी चालतील. मुलाला विचारावें, यांच्या हातांत काय होतें? लाठी. समोरच्याच्या हातांत काय होतें? रायफल. मग यांनीं काय केलें? येवढी गोष्ट ज्या मुलानें त्या जागीं उभें राहून ऐकली, त्याला घरीं कोणी पोलिसाची भीति घालूं लागला, तर तें हंसेल.

जे मुंबईपासून दूर आहेत, त्यांनीं आपल्याच गांवीं चौकशी करावी. आपल्या तालुक्यांतील कोणी पोलीस पुराच्या पाण्यांत, आगींत, दरोडेखोरांशीं किंवा नक्षलवाद्यांशीं झुंजतांना पडला आहे काय? त्याच्या नांवानें एखादा दगड आहे काय? असल्यास त्याची अक्षरें वाचतां येतात काय? नसल्यास नगरपालिकेच्या बागेंत, मुलांच्या घसरगुंडीजवळ, एका झाडाखालीं तो असावा म्हणून चारचौघांच्या सह्यांनिशीं अर्ज करावा. खर्च फार नाहीं. एक दगड, पांच ओळी आणि एक बांक. त्याचे कुटुंबीय हयात असतील तर त्यांना प्रथम विचारावें आणि अनावरणाच्या दिवशीं त्यांना पुढें बसवावें. त्यांच्या चरितार्थाची काळजी हा निराळा आणि आधीचा प्रश्न आहे, हेंहि विसरूं नये. दगड हा पेन्शनच्या बदलीं देण्याची वस्तु नव्हे.

२१ ऑक्टोबर आणि २६ नोव्हेंबर या दोन तारखा आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर चतुर्थी-एकादशीच्या जोडीनें खुणा करून ठेवाव्या. त्या दिवशीं रात्रीं सर्वांचीं पानें मांडलीं असतां वडील माणसानें एका पोलिसाची एक हकीकत सांगावी आणि ती सांगतांना त्याचें नांव सांगण्यास चुकूं नये. मग जेवण सुरूं करावें.